व्हायरस गेला, पण मशीन सुधारलं का? ॲन्टिव्हायरसची सफाई स्वतः तपासण्याची पद्धत

तालुक्याच्या गावातल्या एका डीटीपी सेंटरचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला, तेव्हा त्यात एकही व्हायरस नव्हता. आदल्या दिवशीच मालकांनी नवा ॲन्टिव्हायरस टाकला होता. तीन तास स्कॅन चाललं, शेवटी हिरवी खूण आली आणि सगळे धोके काढल्याचा निरोपही आला. तरी नेट चालेना. टास्क मॅनेजर उघडायला गेलं की 'ॲडमिनिस्ट्रेटरने बंद केलं आहे' असं उत्तर येई. पेनड्राइव्हमधले लग्नपत्रिकांचे फोल्डर दिसत नव्हते, पण जागा भरलेली दिसत होती. मालक म्हणाले, "दादा, व्हायरस होता तेव्हा निदान काम तरी होत होतं."

तपासल्यावर कारणं साधी निघाली. व्हायरसने नेटची वाट स्वतःकडून वळवून घेतली होती, म्हणजे प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये स्वतःचा पत्ता लिहिला होता. ॲन्टिव्हायरसने प्रोग्रॅम उडवला, पण सेटिंग तसंच राहिलं. त्यामुळे ब्राउझर त्या बंद दारावर धडका देत होता. टास्क मॅनेजर रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातल्या, एका नोंदीने अडवलेला होता. फोल्डर तर जागेवरच होते, फक्त त्यांना 'लपवलेली सिस्टिम फाइल' असा शिक्का मारलेला होता. तिन्ही गोष्टी पंधरा मिनिटांत दुरुस्त झाल्या. पण हे काम ॲन्टिव्हायरसने करायला हवं होतं, आणि ते झालं नाही हे सांगणारं स्क्रीनवर काहीच नव्हतं.

ओळखणं वेगळं, अडवणं वेगळं आणि बिघडलेलं मशीन पूर्ववत करणं वेगळं. आपण ॲन्टिव्हायरस निवडताना पहिल्या दोन्हींचे आकडे पाहतो. पण दुरुस्तीला येणारी बहुतेक मशीन आधीच लागण झालेली असतात, म्हणून तिसरी गोष्ट कशी तपासायची ते इथे सांगतो. विंडोज टाकता येतं, पेनड्राइव्हवरून मशीन बूट करता येतं, एवढं येत असेल तर हे जमेल.

सफाई म्हणजे नक्की काय

डीएनएसचेंजरचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. हा व्हायरस कॉम्प्युटरमधला डीएनएसचा पत्ता बदलून टाकी, म्हणजे कुठली वेबसाइट कुठे आहे हे विचारण्याचं ठिकाणच चोरांच्या हाती जाई. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ही टोळी उघडकीस आणली. एस्टोनियात सहा जणांना अटक झाली, आणि लागण झालेले कॉम्प्युटर सुमारे ४० लाख असल्याचं सांगितलं गेलं. चोरांचे सर्व्हर तसेच बंद केले असते तर या सगळ्यांचं नेट एका क्षणात गेलं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्या जागी चांगले सर्व्हर चालवले गेले, आणि ते शेवटी ९ जुलै २०१२ ला बंद झाले. इतके महिने ती सोय चालवावी लागली, कारण व्हायरसची फाइल काढली तरी बदललेला पत्ता आपोआप जागेवर येत नाही.

म्हणून सफाईत चार गोष्टी धराव्यात. चालू असलेला व्हायरस थांबला का? त्याची फाइल गेली का? तो पुन्हा सुरू होण्याच्या नोंदी गेल्या का? आणि त्याने जे जे बदललं ते पूर्ववत झालं का? निम्म्याहून अधिक घोटाळे या चौथ्या प्रश्नात असतात.

आधी सुरक्षिततेचं

नेटवरून खरे व्हायरस उतरवून प्रयोग करू नका. नवख्या माणसाने तर मुळीच नको. चाचणीतून व्हायरस घरच्या वायफायवर किंवा शेजारच्या मशीनवर गेला तर नुकसान दुसऱ्याचं होतं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय व्हायरस सोडणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा विषय आहे.

व्हायरस आणण्याची गरजही नाही. दुरुस्तीला आलेलं लागण झालेलं मशीन हेच उत्तम साहित्य आहे. मालकाची परवानगी घ्यायची, त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची आणि प्रयोग प्रतीवर करायचे. परवानगी तोंडी असली तरी स्पष्ट हवी. डीटीपी सेंटर किंवा सेतू केंद्राच्या डिस्कवर लोकांच्या आधार कार्डाच्या, सातबाऱ्याच्या, बँकेच्या पासबुकाच्या स्कॅन केलेल्या प्रती असतात. ती प्रत तुमच्या कपाटात आहे तोवर ती जबाबदारी तुमची.

पायरी १ : निरुपद्रवी फाइलवर सराव

आयकार नावाची एक ६८ बाइटची मजकूर फाइल आहे. ती व्हायरस नाही, काहीही करत नाही. पण सगळ्या ॲन्टिव्हायरस कंपन्यांनी ठरवून तिला व्हायरससारखं पकडायचं मान्य केलं आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा, 'व्हर्च्युअल' कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) एक ताजं विंडोज टाका, त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे पुन्हा परतता येईल अशी त्या क्षणाची नोंद, घ्या आणि ॲन्टिव्हायरसचं चालू संरक्षण तात्पुरतं बंद करा. मग आयकार डाउनलोडच्या फोल्डरमध्ये ठेवा, एक प्रत झिपमध्ये, एक झिपच्या आतल्या झिपमध्ये. स्टार्टअप फोल्डरमध्ये तिचा शॉर्टकट टाका आणि टास्क शेड्यूलरमध्ये तिच्याकडे बोट दाखवणारं एक काम लावा.

आता संरक्षण चालू करून पूर्ण स्कॅन मारा आणि रिस्टार्ट करा. बहुधा फाइल गेलेली असेल. शॉर्टकट आणि शेड्यूलरमधलं काम गेलं का ते बघा. राहिलं असेल तर त्यावरून कंपनीला नापास करू नका. आयकार खरी लागण नसल्यामुळे तिच्यासाठी दुरुस्तीचे नियम कोणी लिहीत नाही. हा सराव तुमच्या नजरेचा आहे. 'धोका काढला' या ओळीनंतर कुठे कुठे बघायचं, याचा.

पायरी २ : मशीन आणि प्रत

खऱ्या लागणीसाठी मी व्हर्च्युअल मशीन वापरत नाही. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे कित्येक व्हायरस ओळखतात आणि गप्प बसतात. मग ॲन्टिव्हायरसचं काम फुकट सोपं होतं. त्याऐवजी मूळ मशीनमध्येच मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी दुसरी डिस्क लावावी. मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी.

प्रत काढायला क्लोनझिला पुरतं. ते पेनड्राइव्हवरून लिनक्सवर चालतं, त्यामुळे विंडोजमधला व्हायरस त्या वेळी झोपलेला असतो. डिस्कची प्रतिमा, म्हणजे तिची जशीच्या तशी नक्कल, बाहेरच्या हार्डडिस्कवर साठवा, आणि ती हार्डडिस्क विंडोज चालू असताना या मशीनला कधीही जोडू नका. प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवली की चाचणीचं मशीन तयार. लॅनची वायर काढा. लॅपटॉप असेल तर वायफायचं बटण किंवा कार्डच बंद करा.

यात एक अडचण आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. आजचे ॲन्टिव्हायरस बरीचशी ओळख कंपनीच्या सर्व्हरला विचारून करतात. नेट बंद ठेवलं तर त्यांचा एक हात बांधल्यासारखं होतं, आणि नेट चालू ठेवलं तर व्हायरस बाहेर बोलू लागतो. मी दोन फेऱ्या करतो. पहिली नेटशिवाय, आधीच उतरवून ठेवलेल्या पूर्ण इन्स्टॉलरने आणि ताज्या व्याख्यांच्या, म्हणजे व्हायरस ओळखण्याच्या खुणांच्या, फाइलने. दुसरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, फक्त स्कॅन चालू असेपर्यंत, समोर बसून. त्या हॉटस्पॉटला तेव्हा दुसरं काहीही जोडलेलं नसतं.

पायरी ३ : आजार लिहून काढा

ॲन्टिव्हायरस टाकण्याआधी हा टप्पा येतो, आणि नवखे लोक नेमका हाच गाळतात. आधी काय बिघडलं होतं ते लिहिलेलं नसेल, तर नंतर काय सुधारलं ते कळणार कसं?

लागण झालेलं मशीन एकदा रिस्टार्ट करा म्हणजे व्हायरस पूर्ण जागा होईल. मग मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स चालवा. विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते सगळं त्यात एकत्र दिसतं : रजिस्ट्रीतल्या नोंदी, सर्व्हिस, शेड्यूल केलेली कामं, लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या फाइली, एका प्रोग्रॅमच्या नावावर दुसराच उघडण्याची युक्ती. ही यादी फाइल म्हणून साठवता येते आणि नंतर नव्या यादीशी ताडून बघता येते. फरक रंगाने दाखवला जातो.

बाकीचं हाताने तपासायचं. होस्ट्स फाइलमध्ये (वेबसाइटच्या नावापुढे तिचा पत्ता लिहिलेली विंडोजची फाइल) परक्या ओळी आहेत का. प्रॉक्सी आणि डीएनएसचे पत्ते काय आहेत. टास्क मॅनेजर, रजिस्ट्री एडिटर, कमांड प्रॉम्प्ट उघडतात का. विंडोज अपडेटची सर्व्हिस चालू आहे का. लपवलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग टिकतं की लगेच परत फिरतं. ब्राउझरच्या शॉर्टकटच्या शेपटीला कुठला पत्ता चिकटवलेला आहे का. आणि विंडोजच्या स्वतःच्या ॲन्टिव्हायरसची, म्हणजे डिफेंडरची, अपवादांची यादी (जे स्कॅन करायचं नाही ते) जरूर उघडा. अलीकडचे व्हायरस आपला फोल्डर त्यात घालून ठेवतात. ही नोंद राहिली तर पुढचा व्हायरस त्याच फोल्डरमध्ये सुखाने राहील.

सेफ मोड, म्हणजे मोजक्याच गोष्टींवर चालणारं विंडोज, सुरू होतो का, हेही बघा. सॅलिटी हा जुना, चिवट व्हायरस सेफ मोडच्या रजिस्ट्रीतल्या नोंदीच पुसून टाकतो. मग सेफ मोडमध्ये जायचं म्हटलं की निळी स्क्रीन येते.

याच विंडोजची ताजी, स्वच्छ प्रत दुसऱ्या डिस्कवर टाकून ठेवली तर मूळ अवस्था कशी असते ते ताडायला आधार मिळतो.

पायरी ४ : सफाई, क्रमाने

आता ॲन्टिव्हायरस टाका. सेटिंग बदलू नका. सामान्य माणूस 'नेक्स्ट, नेक्स्ट' करतो, तुम्हीही तेच करा. विचारलं तर त्याने सुचवलेला पर्यायच निवडा. पूर्ण स्कॅन, सांगेल तेव्हा रिस्टार्ट, मग पुन्हा स्कॅन.

इन्स्टॉलच होत नसेल तर तीसुद्धा नोंद आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेला कॉन्फिकर ॲन्टिव्हायरस कंपन्यांच्या वेबसाइटच उघडू देत नसे. अशा वेळी सेफ मोडमध्ये प्रयत्न करा. तिथेही नाही जमलं तर त्याच कंपनीची बूट होणारी रेस्क्यू डिस्क. कुठल्या टप्प्यावर काम झालं ते लिहा, कारण घरी बसलेल्या माणसाला नेहमीच्या विंडोजमध्ये एका क्लिकने मिळालेली सफाई आणि रेस्क्यू डिस्क बनवून मिळालेली सफाई यांत फार फरक आहे.

ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्हज नावाची चाचणी संस्था आहे. तिने घेतलेल्या सफाईच्या चाचण्यांत हेच दोन वेगळे गुण असत. एक, किती स्वच्छ झालं. दुसरा, किती सोयीने झालं. मीही दोन रकाने ठेवतो. स्वच्छतेच्या रकान्यात 'अ' म्हणजे नगण्य खुणा उरल्या, 'ब' म्हणजे व्हायरस गेला पण मेलेल्या फाइली किंवा नोंदी राहिल्या, 'क' म्हणजे वापरताना त्रास होईल असं काही उरलं, आणि 'ड' म्हणजे व्हायरस जिवंत किंवा मशीन निकामी. आमच्या डीटीपी सेंटरच्या मशीनला यात 'क' मिळतो. स्क्रीनवरच्या हिरव्या खुणेने मात्र 'अ' दिला होता.

पायरी ५ : खरी तपासणी

ऑटोरन्सची नवी यादी जुनीशी ताडा. पायरी तीनमधली प्रत्येक ओळ पुन्हा तपासा. मशीन दोनदा रिस्टार्ट करा आणि एक रात्र चालू ठेवा. ठरावीक वेळाने जागं होणारं एखादं शेड्यूलरमधलं काम राहिलं असेल तर ते सकाळपर्यंत दिसतं.

मग एक कोरा पेनड्राइव्ह घ्या. त्यात दोन-तीन साधे फोल्डर करा, चाचणीच्या मशीनला लावा, पाच मिनिटं ठेवा आणि लिनक्सच्या मशीनवर उघडून बघा. फोल्डर गायब होऊन त्यांच्या नावाचे शॉर्टकट आले असतील तर व्हायरस अजून आत आहे, स्कॅन काहीही म्हणो. झेरॉक्सच्या दुकानातून घरी आणि घरून शाळेच्या लॅबमध्ये जाणारा शॉर्टकट व्हायरस असाच फिरतो. ही तपासणी फुकट आहे आणि मी तिच्यावर फार विसंबतो.

शेवटी बाहेरून दुसरं मत घ्या, म्हणजे दुसऱ्याच कंपनीच्या रेस्क्यू डिस्कने बूट करून स्कॅन मारा. मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनरही चालतो, पण तो उतरवल्यापासून दहाच दिवस वापरता येतो, म्हणून प्रत्येक वेळी ताजा घ्यावा.

फाइलींना चिकटणारे व्हायरस

इथे जरा थांबतो, कारण ॲन्टिव्हायरसची खरी परीक्षा इथेच आहे. सॅलिटी, व्हायरट, रॅमनिट यांच्यासारखे व्हायरस वेगळी फाइल म्हणून राहत नाहीत, ते चांगल्या प्रोग्रॅमच्या अंगात शिरतात. रॅमनिट तर एचटीएमएल फाइलींमध्येही आपला मजकूर घुसवतो. अशा मशीनवर ॲन्टिव्हायरसपुढे दोन वाटा असतात : फाइल उडवायची, की तिच्यातला व्हायरसचा भाग कापून मूळ फाइल परत करायची. सगळं उडवलं तर मशीन 'स्वच्छ' होतं, पण टॅली उघडत नाही, प्रिंटर चालत नाही, पेजमेकर गेलेला असतो. मालकाच्या दृष्टीने ते मशीन मेलेलंच.

म्हणून अशा वेळी फाइल मोजा. लागण झालेल्या पाच-दहा ओळखीच्या प्रोग्रॅमची यादी करा आणि त्याच आवृत्तीच्या स्वच्छ इन्स्टॉलमधून त्यांचे शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारे बोटाच्या ठशासारखे आकडे, काढून ठेवा. विंडोजमध्ये ते काढायची सोय मुळातच आहे. सफाईनंतर हॅश जुळला तर फाइल बाइट न बाइट मूळपदावर आली. जुळला नाही पण प्रोग्रॅम चालतो, तर दुरुस्ती अर्धवट आहे. फाइलवर कंपनीची डिजिटल सही होती का आणि ती अजून ग्राह्य आहे का, हेही प्रॉपर्टीजमध्ये बघता येतं. व्हायरटच्या बाबतीत मात्र थोडं समजून घ्या. त्याचा कोडच सदोष होता, लागण करताना तो काही फाइली कायमच्या बिघडवत असे. कापलेल्याचं शिवता येतं, जळालेल्याचं नाही.

लॉगिनच्या नोंदीवरही लक्ष ठेवा. विंडोज सुरू होताना कुठली फाइल चालवायची हे सांगणाऱ्या ओळीत काही व्हायरस आपलं नाव लिहितात. ॲन्टिव्हायरसने फाइल काढली आणि ओळ तशीच ठेवली, तर पासवर्ड टाकला की लगेच लॉगआउट, पुन्हा पासवर्ड, पुन्हा लॉगआउट. असं मशीन थेट 'ड'मध्ये टाका.

उलट्या बाजूची चूक

चांगल्या फाइलींना हात लावला का, हेही सफाईचंच मोजमाप आहे. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून उचलली, आणि जगभरातली मशीन पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होत बसली. आपल्याकडे कीबोर्डवर लक्ष ठेवून अक्षरं बदलणारी जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर अजून वापरात आहेत. त्यांची कामाची पद्धत टाइप केलेलं चोरणाऱ्या प्रोग्रॅमसारखीच दिसते. तुमच्या चाचणीच्या मशीनवर अशी एक-दोन ठेवा आणि सफाईनंतर ती शाबूत आहेत का बघा. हे इन्सब्रुकचा अहवाल तुम्हाला सांगणार नाही.

पायरी ६ : दुसरा ॲन्टिव्हायरस

पहिला काढून दुसरा टाकू नका. क्लोनझिलाने तीच मूळ प्रतिमा पुन्हा उतरवा, म्हणजे दुसऱ्यालाही तितकंच आजारी मशीन मिळेल. शक्यतो त्याच दिवशी करा, कारण व्याख्या रोज बदलतात. आठवड्यानंतर तपासलेल्याला तो आठवडा फुकट मिळतो.

एका मशीनवरून 'हा चांगला, तो वाईट' असं जाहीर करू नका. वेगवेगळ्या जातीची पाच-सहा मशीन झाल्यावर तुमच्या वहीत कल दिसू लागेल : एक जण फाइली जपतो पण सेटिंग विसरतो, दुसरा सेटिंग नीट करतो पण इन्स्टॉल व्हायलाच अडतो. पुण्यात कात्रजच्या घाटाइतकीच ओळखीची झालेली क्विक हील असो, चेन्नईची के७ असो की विंडोजबरोबर येणारा डिफेंडर, वहीत सगळ्यांना तेच दोन रकाने द्यावेत. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ ला सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्रावर बॉट (मशीन दूरून चोरांच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम) काढण्याची मोफत साधनं मिळतात, तीही याच पद्धतीने तपासून बघा.

मशीन परत देताना

मालकाला मूळ डिस्क द्यायची की सफाई झालेली, हे त्यालाच ठरवू द्या. फाइलींना चिकटणारा व्हायरस असेल तर माझा सल्ला कामाच्या फाइली काढून घेऊन फॉरमॅट मारण्याचा असतो, 'अ' मिळाला असला तरी. इतर वेळी 'अ' किंवा हाताने दुरुस्त केलेला 'ब' चालतो. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस असेल तर ॲन्टिव्हायरस तो काढेल, कुलूप उघडणार नाही. त्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या नो मोअर रॅन्सम या प्रकल्पाच्या साइटवर चावी उपलब्ध आहे का बघा, आणि नसेल तर त्या फाइली जपून ठेवा. कधी कधी चावी नंतर सापडते.

व्हायरस असताना त्या मशीनवर टाइप झालेले सगळे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून बदलायला सांगा. बँकेचा आणि ईमेलचा आधी. डीटीपी सेंटरच्या मालकांसमोर आम्ही ते तिथेच बसून केलं. अठरा पासवर्ड निघाले, त्यातले अकरा एकच होते. मग चाचणीची डिस्क आणि क्लोनझिलाची प्रतिमा त्यांच्यादेखत पूर्ण पुसली, आणि बाजूला ठेवलेल्या डिस्कवरची चिठ्ठी काढली.